शुक्रवारची सुट्टी

बसा हो जेफ्री अंकल, आई तयार होतेय — ती खुर्ची नको, तिचा पाय डगमगतो — आणि तो शूटिंगचा दिवा जरा — अगं बाई! पडला? नाही ना? मी उगाच दचकले. माझं असंच आहे, लिफ्टचं दार वाजलं तरी छातीत धडधड. तर काय सांगत होते, गव्हर्नर. आपल्याकडच्या राज्यपालासारखा फिती कापण्यापुरता नाही बरं, अमेरिकेत तोच अख्खं राज्य चालवतो, मुख्यमंत्रीच समजा. आधीच्या गव्हर्नरच्या दोन टर्म झाल्या, कायद्याने आता त्याला उभं राहता येत नाही, म्हणजे खुर्ची मोकळी — आणि मोकळी खुर्ची दिसली की आमचा दादा बसलाच. लहानपणी गाडीतसुद्धा पुढची सीट त्याची, मी मागे, भाजीच्या पिशव्यांबरोबर. आता तो दत्तप्रसाद नाही म्हणा. डॅनी. घरच्या पूजेला पाटावर बसलेला हा डॅनी मी बघितलाय, नाक पुसत होता.

हे बघा त्याचं पत्रक. ‘आखाताच्या वाळवंटात, मजुरांच्या वस्तीत वाढलेला मुलगा.’ कुठली वस्ती? इथे बहरीनमध्ये, अरादला दोन बेडरूमचा फ्लॅट होता आमचा, हाच, तुम्ही बसलाय तो, आणि एसी जरा कमी केला की हा घर डोक्यावर घ्यायचा. सलमाबादला, त्या गॅरेज-कारखान्यांत, बाबांचं ऑफिस होतं — ऑफिस, अंकल! — तिथे हा एकदा गेला, तर बुटाला ग्रीस लागलं म्हणून तोंड फुगवून गाडीत बसून राहिला. आणि हा फोटो, गाईच्या गळ्यात हात टाकून! ईदच्या आधी रस्त्यात बकरी दिसली तर पलीकडून जाणारा माणूस! पण तिकडच्या शेतकऱ्यांची मतं हवीत ना, मग गायसुद्धा मावशी लागते. हसा हसा. तुम्ही वसईचे, तुम्हाला मराठीत सांगता येतं तरी. ऑफिसात मी कोणाला सांगू?

आणि आता प्रचाराच्या व्हिडिओत आई हवी. तीन वर्षांत आई आठवली नाही, मतदानाला महिना उरला तेव्हा आठवली. त्याच्या प्रचारवाल्या बाईंचा ईमेल आला — आई नऊवारीत हवी, नाकात नथ हवी, स्वयंपाकघरात पोळी लाटताना हवी. माझी आई, अंकल, सलमानिया हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सव्वीस वर्षं रक्त तपासत होती. पोळ्या आमच्याकडे बाबा लाटायचे. नथ इथल्या मराठी मंडळाच्या नाटकाच्या पेटीतून आणलीय, दाबून बसवायची, तीच आत सारखी पडत असेल. मी म्हटलं, आई, नाही म्हण. तर म्हणते, असू दे गं, एवढं काय.

म्हणून तुम्हाला लवकर बोलावलं. तुमच्याकडे प्रश्नांचा कागद आलाय ना, त्यातला चौथा — ‘मुलगा किती वेळा आठवण काढतो’ — तो गाळा. का म्हणजे? गाळा हो. आवाज नीट आला नाही म्हणा, बॅटरी खलास म्हणा — बरं. बरं, सांगते, पण तुमच्यापाशीच ठेवा. आठवण काढतच नाही तो. बाबा गेले तेव्हा दोन दिवस आला, दोन्ही दिवस फोनवर. त्यानंतर आई खिडकीत बसायला लागली — जेवण नाही, बोलणं नाही, नुसता मोबाइल हातात. आणि दादाचा जुना बहरीनचा नंबर ड्रॉवरमध्ये पडून होता, मी रीचार्ज करून चालू ठेवला होता, कशाला कोण जाणे. एका शुक्रवारी बाथरूममध्ये बसून त्या नंबरवरून लिहिलं — ‘आई, कशी आहेस? आज सुट्टी, आत्ताच उठलो.’ आणि ती जेवली, अंकल! दोन वाट्या वरण! मग काय करणार मी? दर शुक्रवारी लिहीत गेले. दोन वर्षं! घड्याळ अगदी नीट सांभाळलं, तिकडे सकाळ असेल तेव्हाच, इकडे संध्याकाळी सहाला. पण वार? मी जन्मले इथे, शिकले इथे, शुक्रवार म्हणजे सुट्टी, डोक्यात दुसरं येतच नाही. काल आईची तालीम घेतली तर म्हणाली, ‘माझा मुलगा दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी मला लिहितो.’ अमेरिकेत शुक्रवारी कोण सुट्टी देतो? ती कॅमेऱ्यासमोर हे बोलली की दादाचीच माणसं विचारणार — कुठली सुट्टी, कुठले मेसेज? दादाचं काही जाणार नाही, तो म्हणेल, हो हो, मीच लिहितो; न केलेल्याचं श्रेय घेण्यात त्याचा हात कोण धरणार? पण आईला कळेल. ती पुन्हा त्या खिडकीत बसेल.

आणि ती भाबडी त्याला उत्तरं काय देते माहितेय? ‘उन्हात टोपी घाल. रात्री मोबाइल लांब ठेवून झोप. कशालाही दचकू नकोस रे, मी आहे.’ दादाला! आयुष्यात कधी दचकलाय तो? असला निगरगट्ट —

काय झालं? मागे काय बघताय?

अगं बाई! आई! किती हळू येतेस, जीव गेला असता माझा! कधीची उभी आहेस? नथ कुठाय? आणि हा साधा ड्रेस का घातलास, ती नऊवारी — थांब, मी सांगते, मी अंकलना नुसतं —

काय?

तिकडे सुट्टी रविवारी असते हे तुला माहीत... पहिल्याच दिवसापासून? मग दोन वर्षं तू उत्तरं कोणाला — ती टोपी, तो मोबाइल, ते ‘दचकू नकोस’ —

जेफ्री अंकल, दिवा बंद करा. सामान भरा. त्या बाईंना कळवा, आई मफी, नाही म्हणजे नाही. नाही, चहा नाही, कृपा करून जा तुम्ही. दार ओढून घ्या. हळू — आवाज करू नका.