पाच मिनिटांचा चहा

रणजित : ...आणि अंडी बारा म्हणजे बारा. भट्टीवाल्या शकीलने तेरावं फोडायला घेतलं, तर सरळ हात धरायचा.

स्वरदा : आजोबा, तेरावं अंडं आपण आणलंच नाहीये.

रणजित : या बेकरीत काय, मागच्याचं लोणी पुढच्याच्या डब्यात कधी जातं ते लोण्यालाही कळत नाही. आज एकवीस डिसेंबर. निम्म्या निशातगंजचे नाताळचे केक या एका भट्टीत जायचेत. म्हणून तर जो तो आपलं सामान घेऊन येतो आणि घरचा एक माणूस पहाऱ्याला ठेवतो. सत्तावीस वर्षं हा पहारा मी केला. भट्टीवरून नजर हटली नाही.

लतिका : चहाला जात होता की.

रणजित : पाच मिनिटं. सुभेदार असलो तरी माणूसच होतो.

स्वरदा : या साली मी आहे ना! डॉक्टरांनी तुम्हाला धुराजवळ जायला मना केलंय. तुम्ही आजीबरोबर इथे बाहेर बाकावर बसा.

रणजित : बसलोच आहे. मोतीबिंदू काढल्यापासून इथून शकीलच्या मिशीतला केस न् केस दिसतो. दोन पांढरे झालेत. त्याला सांगू नकोस.

लतिका : कागद दिलात का पोरीला?

रणजित : हा घे. माझ्या आईच्या हातचा. नगरच्या मिशन कंपाउंडात शेगडीवर पातेलं, झाकणावर निखारे, असा केक भाजायची ती. फौजेत निघालो तेव्हा हे माप लिहून दिलं मला. शेवटची ओळ वाच.

स्वरदा : "यात कुणी शहाणपणा करू नये."

रणजित : जरा मोठ्याने. आपल्या शेजारच्या मिश्राजींना ऐकू जाऊ दे. मिश्राजी! नमस्ते! हमारी पोती! इस साल कमान इसके हाथ में! थांबा, मीच येतो तिकडे.

लतिका : गेले. आता मिश्राजींना केकचा इतिहास, सन एकोणीसशे बावन्नपासून. तुझं तोंड का गं उतरलंय?

स्वरदा : आजी, गडबड आहे. शकीलभाई विचारतायत, "सूबेदार साहब वाला काम कौन करेगा?" मी म्हटलं, कौन सा काम? तर म्हणे अब्बा दरसाल आपल्या मिश्रणात चहाच्या ग्लासाने दोन ग्लास दूध घालायचे. वर मूठभर साखर. आणि बेकिंग पावडर.

लतिका : हळू बोल.

स्वरदा : तुला माहीत होतं?

लतिका : मीच सांगितलं होतं त्याच्या अब्बांना, रईस उस्तादांना. लखनौतला आमचा पहिला नाताळ. शेगडीचं माप या भट्टीत गेलं आणि वीट होऊन बाहेर आलं. पाद्रीसाहेबांनी तुकडा चहात बुडवला, प्रार्थना म्हटली, आमेन म्हणून बघितलं तर तुकडा तसाच.

स्वरदा : आजोबा काय म्हणाले?

लतिका : म्हणाले, थंडीमुळे. पुढच्या वर्षी मी गुपचूप येऊन उस्तादांपुढे हात जोडले. केक असा झाला, की मिश्राजी एकाच दिवसात दोनदा शुभेच्छा द्यायला आले. तेव्हा हे म्हणाले, बघ, या वर्षी थंडी कमी होती.

स्वरदा : सत्तावीस साल! आजी, हा फ्रॉड आहे यार.

लतिका : संसार आहे. तुझं लग्न झालं की फरक सांगीन.

स्वरदा : पण आता काय? उस्ताद गुडघे धरून घरी बसलेत. शकीलभाई हात लावायला तयार नाहीत. म्हणतात, "घर की चीज़ है, अब्बा का अंदाज़ा था, मेरा नहीं।" आणि पंचवीसला चर्चच्या हॉलमध्ये पहिला केक आपला कापणार. ऑफिसमधले पण येतायत, अख्ख्या गोमती नगरात मी सांगून बसलेय, माझ्या पणजीचा केक आहे म्हणून!

लतिका : मग तूच घाल.

स्वरदा : त्यांच्यासमोर? मिशीचे केस मोजतायत ते!

लतिका : थांब, चहाला पाठवते. अहो! या इकडे. गारठलात. जा, चहा घेऊन या.

रणजित : या वर्षी चहा नाही.

लतिका : म्हणजे? सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा?

रणजित : आत रईस उस्ताद नाहीत.

लतिका : मग चांदणीसाठी जिलेटिनचा कागद तरी आणा. गच्चीवर नुसता सांगाडा लटकतोय.

रणजित : सांगाडा म्हणू नकोस. बांबूच्या कामट्या मी स्वतः तासल्यात. पुलावरून येणारे ई-रिक्षावाले त्या चांदणीच्या खुणेवर सवारी उतरवतात. पंचवीसला सगळं लखनौ हजरतगंजला रोषणाई बघायला लोटतं. लोटू दे. वाट चुकलेल्याला आपलीच चांदणी लागते. कागद उद्या लावीन. करंज्या किती झाल्या?

लतिका : दोनशे.

रणजित : मिश्राजी विचारत होते, गुझिया कधी देताय. म्हटलं, गुझिया नाही, करंजी. दरवर्षी सांगतो. दरवर्षी चार जास्त खातात आणि गुझियाच म्हणतात.

लतिका : स्वरदा, तू जा आत. बघ नंबर कुठवर आलाय. आणि... उस्तादांच्या तब्येतीची चौकशी कर जरा फोनवर.

रणजित : काय गं, आज उस्तादांची फार आठवण?

लतिका : आजारी माणसाची चौकशी करू नये का?

रणजित : करावी. मी सकाळीच केली.

(स्वरदा थोड्या वेळाने बाहेर येते. हातात मोबाइल, नाकाला मैदा.)

स्वरदा : आजोबा, नंबर आला. सामान परातीत काढलंय.

रणजित : उस्ताद काय म्हणाले?

स्वरदा : म्हणाले... "बिटिया, पहले देख लेना, दादाजी चाय पर निकले कि नहीं।"

लतिका : स्वरदा!

रणजित : असं म्हणाले? लखनौचा माणूस आहे. सत्तावीस वर्षांत एकदाही विचारलं नाही, की सूबेदार साहब, तुम्हाला नेमकी परात पुढे आल्यावरच तलफ कशी येते.

लतिका : अहो, म्हणजे तुम्हाला सगळं...

रणजित : मला काय? मला काही माहीत नाही. मी चहा पीत होतो.

लतिका : आणि मी दरवर्षी त्या पाच मिनिटांत जीव मुठीत धरून बसायचे!

रणजित : म्हणून तर सहावं मिनिट कधी लावलं नाही. शकील घालणार आहे का?

स्वरदा : नाही. मी. उस्तादांनी अंदाज सांगितलाय. पण आजोबा, कागदावर लिहिलंय ना, कुणी शहाणपणा...

रणजित : तो कागद आईने मला दिला होता. मी आजवर एक दाणा इकडचा तिकडे केला नाही. तुला तिने काही लिहून दिलंय?

स्वरदा : नाही.

रणजित : मग? हात धुतलेस?

स्वरदा : हो.

रणजित : लतिका, माझी काठी दे.

लतिका : कुठे निघालात?

रणजित : चहाला. दरवर्षी पाच मिनिटं लागतात. या वर्षी सात लावतो. हात नवा आहे.