टीव्हीतल्या टीव्हीतल्या मुंग्या

त्या पिक्चरात खून कोणं केला, हे मले आजपर्यंत समजलं नाई, पाहा. पंच्याऐंशी-शहाऐंशी साल असन. मूल गावाले आमच्या गल्लीत टीव्ही एकच, यादवभाऊच्या घरी. रविवारी संध्याकाळी सारे तिथीच. त्या दिवशी जासूसी पिक्चर होता. जासूस आपल्या घरी टीव्हीवर बातम्या पाहून राह्यला होता. बातम्या सांगणाऱ्या बाईनं एकदम किंकाळी मारली अन् पडद्यावर मुंग्याच मुंग्या!

"अँटेना हालला!" सारे ओरडले. यादवभाऊ पळतच कवेलूच्या छपरावर चढले अन् अँटेना फिरवाले लागले.

त्यायची बायको ओरडली, "अवो, मुंग्या त्या जासूसाच्या टीव्हीत आल्या! आपला चांगला हाये!"

पण तवरिक आपलाही गेला.

"आलं का?" भाऊनं वरून विचारलं.

"होतं तेही गेलं!"

अर्धा पिक्चर असाच गेला. मंग एकदम चित्र आलं. जासूस बोट दाखवून सांगे, "जिसने टीवी बंद किया, खूनी वही है! और उसका नाम..."

आमी साऱ्यायनं वर पाह्यलं.

"आता आलं का?" भाऊनं विचारलं, अन् अँटेना आणखी जरासा फिरवला.