लाल फुलपाखरू

हॅलो?… हो, येतंय ऐकू, बोल… जेवलास?… रोज विचारते म्हणून आज विचारायचं नाही का?

चिमणी शेजारी खेळतेय, येईलच. ती यायच्या आत ऐक ना… नाही रे, ताप-बिप काही नाही. शाळेतून बाईंचा फोन आला होता.

छे, मारामारी कसली. चित्रकलेवरून… अरे, हसू नकोस, आधी ऐक. प्राणी रंगामुळे कसे लपतात, ते शिकवतायत त्यांना. कागदाचं फुलपाखरू कापायचं, जिथे चिकटवायचं त्या जागेसारखं रंगवायचं आणि बाकीच्यांनी शोधायचं. आज अंगणातलं झाड होतं. सगळ्यांची खोडासारखी तपकिरी, आणि आपल्या राणीसाहेबांचं लालभडक. खोडाच्या अगदी मधोमध…

हो, बाईही तेच म्हणाल्या, हिला कळलेलं दिसत नाही. मीही आपली हो हो म्हणत राहिले. घरी आल्यावर विचारलं, तर म्हणते, तपकिरी रंगवलं की सापडतच नाही.

…कुणाला म्हणजे, तुला. तू निघालास ना, तेव्हा तुझ्या बॅगेत… थांब, तिने शपथ घातलीय मला. जाऊ दे, सांगतेच. बॅगेच्या आतल्या अस्तरावर एक चिकटवलंय तिने. हुबेहूब अस्तराच्या रंगाचं. दुपारभर बसली होती, तपकिरीत थोडा थोडा काळा मिसळत…

काय?

कधी सापडलं?… पहिल्याच दिवशी? आणि हे आत्ता सांगतोयस?… कुठे लावलंयस?… उशीजवळ. हं.

मग बोलला का नाहीस?… ती हरेल म्हणून?

अरे वेड्या… नाही, चिडले नाहीये. तुला त्यांचा नियमच माहीत नाही. ज्याला सापडेल त्याने ते हातात घेऊन रंगवणाऱ्याकडे परत यायचं… हो. म्हणून. रोज झोपताना विचारते, बाबांना सापडलं का? काल म्हणाली, आई, मी जरा जास्तच छान रंगवलं गं… अरे, तिला हरायचंय.

…आहेस ना?… माहितीये रे, सुट्टी तुझ्या हातात नाही. मी कुठे काय म्हणतेय…

आली बघ… हो गं, बाबाच आहेत. पाय पूस आधी… हे बघ, सापडलं म्हणून तूच सांग तिला. कधी आणतोयस, ते ती विचारेलच… मी काय सांगू? मीही इथेच उभी आहे, ऐकायला.

घे गं. नीट धर, दोन्ही हातांनी.