छप्पर आहे, कुत्रा आहे

—वाजू दे गं, माझ्या एप्रनच्या खिशातला फोन आहे तो. तू आधी आत ये, त्या पडलेल्या पिकनच्या झाडाच्या फांद्यांवरून जपून. बघ, धडधाकट आहे मी. वादळानं झाड तेवढं आडवं केलं, घराला ओरखडासुद्धा नाही. आपल्या युफॉला गावाच्या चॅटरूममध्ये कुणा परक्यानं लिहिलं, माझी आई तिथं एकटी असते, कुणी जाऊन बघेल का—आणि तू एवढा चिखल तुडवत आलीस? गावात नवीन दिसतेस. मिसेस टिडवेल नको, वर्ना म्हण. चहाला आज बर्फ नाही, वीज गेलीय, तसाच घे.

परका कसला, माझा मुलगा आहे, डॉल्टन. आठ वर्षं झाली बोललेला नाही. घरी फोन का करत नाही? घरचा फोन मीच काढून टाकला, कुणी उचलला नाही की त्यावर हॉइटच्या आवाजातला निरोप वाजायचा—हॉइट म्हणजे माझा नवरा—तो ऐकवत नव्हता. डॉल्टन गॅड्सडेनला असतो. त्यानं नाही सांगितलं, मी शोधला! लायब्ररीतल्या मिस पर्लीननं अलाबामातल्या गावोगावच्या चॅटरूमची यादी काढून दिली, ती मी कॅलेंडरच्या पाठीमागे उतरवली—मोबील, डोथन, सेल्मा, कलमन—आणि रोज दोन गावं, असं करत गेले. काय एकेक नमुने भेटतात गं! मोबीलला पहिल्याच दिवशी एकानं विचारलं, काय घातलंयस? मी लिहिलं, लोकरी स्वेटर आणि कमरेला पट्टा. पळाला मेला. मग मी नावच बदललं, म्हातारा मासेमार झाले. म्हाताऱ्या पुरुषाला कोण काय विचारतंय?

वादळ झालं की सगळ्या रूममध्ये लोक हजेरी लावतात, तुला ठाऊकच आहे—रस्त्याचं नाव आणि ठीक आहोत, बस. दोन वर्षांपूर्वी गॅड्सडेनच्या रूममध्ये एकानं लिहिलं, 'छप्पर आहे, कुत्रा आहे, मी आहे.' हे आमच्या हॉइटचं बोलणं गं! वादळ ओसरलं की तळघरातून पहिला तो वर जायचा आणि वरून ओरडायचा, छप्पर आहे, कुत्रा आहे, या वर! दुसऱ्या कुणाच्या तोंडी कशाला येईल ते?

तेव्हापासून रोज बोलतो आम्ही. म्हणजे तो बोलतो मासेमाराशी. गळाला काय लावता, सांधे कसे आहेत—फार मायेनं विचारतो. आईबद्दल? एकदाच बोलला. म्हणाला, तिनं मला बापाचा खुनी ठरवलं. ठरवलंच होतं. हॉइटला पुरून आलो, सगळं चर्च जेवायला बसलेलं, आणि मी त्याला सगळ्यांदेखत म्हणाले, तू फोन केला नसतास तर तुझा बाप जिवंत असता. वादळात पोराची गाडी पेट्रोल पंपावर बंद पडली होती, त्यानं बापाला बोलावलं, आणि पुलाजवळ हॉइटच्या ट्रकवर झाड पडलं. एकोणीस वर्षांचा होता डॉल्टन. हातातली ताटली खाली ठेवली आणि गेला तो गेलाच.

वाजू दे म्हटलं ना! तोच आहे. आपल्या चॅटरूममध्ये अकराव्यांदा विचारतोय, मोजलंय मी. मासेमार म्हणून एक ओळ टाकली असती, तुझी आई ठीक आहे, की संपलं होतं. नाही टाकली. आठ वर्षांनी पोर आईची चौकशी करतंय, ते जरा ऐकत राहावंसं वाटलं. अशी बघू नकोस. सकाळपासून तो तिकडे तळमळतोय आणि मी इथं खिशावर हात ठेवून बसलेय—कळतंय मला. आणि एवढंच असतं तर—

हॉइट निघत नव्हता गं. म्हणत होता, पोरगा पंपावर आडोशाला आहे, वादळाचा सायरन थांबू दे, मग जातो. किल्ल्या मी कोंबल्या त्याच्या हातात. बाप आहेस की कोण आहेस, म्हणाले. हे डॉल्टनला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. आता तुला.

काढलास फोन? हो, कळव, म्हणूनच तर आलीयस. लिही, छप्पर आहे, कुत्रा गेल्या साली गेला, आई आहे. थांब, पाठवू नकोस. पुढं लिही, बाबा निघत नव्हते, किल्ल्या आईनं दिल्या. हो, असंच. माझ्या हातून नाही व्हायचं, आठ वर्षं झालं नाही. मासेमाराचं नको लिहूस, तो त्याला राहू दे. वाचून दाखव. ...पाठव.

गेलं?

आता का नाही वाजत? रेंज आहे ना? तुझ्याकडे काही आलं? सकाळपासून नुसता खणखणत होता मेला, आणि आता...

जा बाळ तू. ग्लास राहू दे तिथंच. नाही, थांबू नकोस, जा म्हटलं ना—माणूस समोर असलं की मला फोन नीट ऐकू येत नाही.