मुळं फुटलेले कांदे

हॅलो? … हॅलो, विजू? अगं, आहेस कुठं तू? पाहुणे येऊन बसलेत हॉलमध्ये! … हळूच बोलतेय, स्वयंपाकघरात आहे मी. … हो, आळंदीचेच. मुलगा निरंजन आणि त्याची आई, चतुराबाई. … केव्हाचे आलेत. तुझे बाबा त्यांना चाकणच्या कंपनीतली गोष्ट सांगतायत. ती क्रेन अडकलेली. … हो, तीच. आत्ता कुठं क्रेन वर गेलीय, खाली यायला वेळ आहे.

काय? … अजून उशीर? अगं, आज रविवार! … पेशींना रविवार नसतो. बरं. पण पाहुण्यांना असतो ना! … एकाच्या दोन होत असतानाच पकडायच्या असतात. हो, कळलं. मग मी काय सांगू त्यांना? लेक लॅबमध्ये पेशी पकडायला गेलीय? … मुलाचा फोटो पाठवून महिना झाला, तो तरी उघडून बघितलास का? … डिलीट? … बघताच डिलीट? … न बघता! धन्य आहेस बाई.

पाणी? कशाचं पाणी बदलायचं? … बाल्कनीतल्या… ग्लासांचं…

हॅलो? आवाज येत नाहीये गं तुझा. इथं रेंज… … हो. येतोय. येतोय आवाज.

विजू… ते कांदे फार महत्त्वाचे होते का गं?

ओरडू नकोस. आधी माझं ऐक. अगं ऐक ना! ते सहा ग्लास आपले चांगले, लग्नात आलेले. तू प्रत्येकावर एकेक कांदा बसवून ठेवलास, मुळं पाण्यात सोडून. लॅबचा एसी बिघडला म्हणून दोन दिवसांसाठी आणलेस, मान्य. पण पाहुण्यांना पाणी कशात देऊ मी? वाटीत? म्हणून कांदे उचलले. … ठेवले ना, टोपलीत ठेवले. मग बघते तर हीऽ एवढी मुळं, म्हाताऱ्याच्या दाढीसारखी. आता मुळं फुटलेला कांदा आपण आधी संपवतो की नाही? … सांगते, सांगते. चिरले. … पोह्यात. … सगळे.

विजू? … रडतेस की काय?

अगं रडू नकोस ना… तीन वर्षं? ह्या सहांसाठी? … मला वाटलं कांदा तो कांदा! चाकणचा बाजार इथं हाकेवर, बाबा आत्ता पोतं आण… नाही चालत. बरं, नाही चालत. … यांच्या मुळांना थांबायचं कळत नाही? पेशी वाढतच राहतात? … अगोबाई! मग खाल्लं तर काही होणार नाही ना? तुझ्या बाबांनी दोन बशा खाल्ल्यात. त्यांच्या पोटाला आधीच थांबायचं कळत नाही. … नक्की? नुसतं पचतं? … हुश्श.

पाहुण्यांनी? नाही गं, तीच तर गंमत. त्यांचा चातुर्मास! कांदा-लसूण बंद. चतुराबाईंनी बशी बघितली आणि हात जोडले. … मला काय माहीत! कांदेपोह्यांना येतात माणसं, तर कांदा चालत नाही हे आधी सांगू नये? आता शिरा करतेय. एका हातात फोन, एका हातात उलथनं.

हो. म्हणजे फुकटच गेले.

चुकलं गं माझं. अगदी मनापासून सांगते. काल उठल्या उठल्या चहाच्या आधी त्या कांद्यांपाशी जाऊन बसली होतीस. आजही तेच. तेव्हाच कळायला हवं होतं मला.

काय? … कुठले बुडखे? … चिरताना खालचा मुळांचा भाग उडवतो, तो? … टाकला ना. तो कोण पोह्यात घालतं! … हो, मुळांसकट. … तोच पाहिजे? वाढ तिथंच होते, टोकाला? … मग जगाला ‘कांद्यावर संशोधन’ कशाला सांगत फिरतेस? मुळांवर म्हणावं! निदान मला तरी…

ओल्या कचऱ्यात. … बादली मघाशीच खाली गेली. सोसायटीच्या हिरव्या ड्रममध्ये.

विजू. गाणं वाजतंय.

अगं, घंटागाडीचं! आज उशिरा आलीय, गेटवर उभी आहे! … बाबा? लिफ्ट बंद आहे. त्यांचे गुडघे चार मजले उतरेपर्यंत गाडी डेपोत पोचेल. … थांब. … अहो! अहो, क्रेन राहू द्या तिथंच! विजूची तीन वर्षं कचऱ्यात गेली! घंटागाडी थांबवा कुणीतरी! बुडखे! लांब पांढऱ्या मुळांचे!

हॅलो… आहेस ना? … बाबा नाही गेले. तो गेला. … निरंजन! अनवाणी गेला गं! मी चपला तरी घाला म्हणेपर्यंत एक जिना उतरला होता.

आले मी बाल्कनीत. दिसतोय. गाडीपुढं दोन्ही हात पसरून उभा आहे. … ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, हा हलत नाही. … ड्रम आडवा केला. … अगं, नवाकोरा शर्ट, आकाशी, इस्त्रीचा! … घातला. कोपरापर्यंत हात घातला. … चतुराबाई पण आल्यात माझ्याशेजारी. ‘बाह्या सारून घे रे!’ म्हणून ओरडतायत. सगळी सोसायटी बाल्कनीत आलीय.

तू शांत हो. श्वास घे. तोवर मला सांग, त्या टोकाला होतं तरी काय? … एकाच्या दोन, दोनाच्या चार. म्हणजे वाटणीच की. मग वाढतं कसं? इथं मोशीत वाटणी झाली की प्रत्येकाच्या हाती गुंठा-दीड गुंठा उरतो. … दोघी परत पहिलीएवढ्या मोठ्या होतात? … भांडत नाहीत? … शहाण्या असतात तुझ्या पेशी.

सापडला! एक सापडला! वर करून दाखवतोय! … आणखी एक! … अगं, प्रत्येक बुडखा उन्हात धरून फिरवून बघतोय. … क्वालिटीत आहे ना तो, कंपनीत दिवसभर गिअर तपासतो. सवय. … एक परत ड्रममध्ये टाकला. … रिजेक्ट. चिरडला असेल. … हो, बाकीचे घेऊन निघाला.

आला वर. धापा टाकतोय बिचारा. वास… असू दे. … पाच आहेत, विजू, पाच! … विचारते, विचारते. अहो निरंजनराव, ती विचारतेय, मुळांच्या टोकांना हात लागला का? … म्हणतो, नाही, बुडख्याला धरूनच उचलले, टोकं नाजूक दिसत होती. … विजू? … हो गं, बुडख्याला धरूनच. किती वेळा विचारशील?

पाण्यात ठेवू? अगं, ग्लास तर पाहुण्यांनी… थांब, चतुराबाई स्वतःच विसळायला लागल्या. अहो, राहू द्या, तुम्ही कशाला! आणि तुमचा तो चातुर्मास… … म्हणतात, खायचा नाही कांदा, वाचवायला काय हरकत आहे? … ऐकलंस? मला तर ही बाई आवडली.

आता परत रडतेस का हसतेस? … दोन्ही. बरं.

काय? टोकं मऊ पडायच्या आत तिकडं लॅबमध्ये पाहिजेत? एसी झाला सुरू? आत्ताच? … कोण आणणार? बाबांची स्कूटर… … थांब, तो काहीतरी म्हणतोय. … म्हणतो, डबा द्या, ओला फडका द्या, मी देऊन येतो. बाइक खालीच आहे. … नको काय नको! तुझी तीन वर्षं आहेत ना ती? मग येऊ दे त्याला. … शर्ट? बाबांचा देतेय. चार बोटं ढगळ होईल, होऊ दे.

आता नीट ऐक. लॅबच्या गेटवर येऊन उभी राहा. तो पोरगा आज इथून चमचाभर शिराही न खाता निघालाय. डबा हिसकावून आत पळू नकोस. आधी चहा विचार. … पेशी थांबत नाहीत, माहीत आहे मला. चहाला फार वेळ लागत नाही. … आणि सगळा वेळ कांद्यांकडंच बघत बसू नकोस म्हणजे झालं.

नंबर? कुणाचा? … त्याचा. कशाला गं? … फडका वाटेत ओला करायला सांगायचाय. हो हो. कांद्यांसाठी. … मी कुठं काय म्हणाले? … अगं, पण हसतेय कुठं मी! … पाठवते. … हो, लगेच पाठव— अगोबाई, शिरा! शिरा लागला! … अगं ऐक ना, गेटवर… हॅलो? … हॅलो?

ठेवला.

… थांबा हो, मेसेज आलाय तिचा. … ‘फोटो परत पाठव.’

अहो! तो निरंजनचा फोटो आहे का तुमच्या मोबाइलमध्ये? … विजूला हवाय. … कशाला काय? कांद्यांसाठी!