गोधडीतला मेसेज

आवाज स्वच्छ यायला हवा म्हणता ना, मग आमच्या घरी काय झालं ते ऐका. माझा थोरला भाऊ बोटीवर नोकरीला. फोन लागेलच याचा भरवसा नाही, म्हणून आई पेडण्याहून त्याला रोज सकाळी व्हॉइस मेसेज पाठवते. दादाची तक्रार ठरलेली. "आई, तू बोलतस की पोदेर बोलता?" पाव घेऊन येणाऱ्या पोदेराचा भोंगा, मिक्सर आणि शेजारचा कुत्रा यांत तिचं बोलणं बुडून जायचं.

शेवटी मी हुशारी केली. पंखा बंद केला, आईच्या डोक्यावरून जाड गोधडी घातली आणि म्हटलं, "फोन वीतभर लांब धर, सावकाश बोल."

गोधडीतून आवाज आला, "घामान मेलंय रे."

पण मेसेज इतका स्वच्छ झाला की मीच तो दोनदा ऐकला.

संध्याकाळी दादाचा फोन आला, रडवेल्या आवाजात. "आई, खंयच्या हॉस्पिटलात आसस? खरां सांग."

"अरे, घरातच आसंय."

"आपल्या घरात एवढी शांतता खंयसून इली? आणि तू अशी दमून कित्याक बोलतस?"

मी समजवायला गेलो, तर मीही लपवतोय असं त्याला वाटलं. तेवढ्यात बाहेर संध्याकाळचा पोदेर आला. आईनं फोन खिडकीबाहेर धरला. भोंगा वाजला, कुत्रा भुंकला.

पलीकडून दादानं सुस्कारा सोडला. "हां आई, आता तुजा नीट आयकाक येता."