गावभर टेलेस्फोर

नाकातून बोट काढ म्हणे! मला! ह्या वयाला, ह्या पांढऱ्या मिशांना, किराणा दुकानात, वाटाण्याच्या डब्यांसमोर, सगळ्या गावादेखत... "टेलेस्फोर, नाकातून बोट काढ आधी!" अशी बाईची आरोळी आली आणि तुम्हाला सांगतो, माझं बोट नाकात नव्हतं हो, हातमोज्यात होतं, हातमोजा कोटाच्या खिशात होता, तरी मी ते काढलं! काढून वर धरलं, शाळेत धरतात तसं! मग वळून बघतो तर बाई माझ्याकडे बघतसुद्धा नाही. तिच्या गुडघ्याशी एक टेलेस्फोर नाक उकरतोय, शेजारच्या बाबागाडीत दुसरा टेलेस्फोर त्याच्याकडे बघून ती विद्या शिकतोय, आणि दाराबाहेर बर्फात खांबाला बांधलेला तिसरा टेलेस्फोर शेपूट हलवतोय! ठेवणारा नाव ठेवून जातो हो, वागवावं लागतं आपल्याला!

तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्या, कुरकुरतोस कशाला, नाव गाजलं की तुझं! अहो, पण ऐंशी वर्षं ह्या अख्ख्या खोऱ्यात मी एकटा टेलेस्फोर होतो. क्युबेकात दुसरा कुणी असेल तर तोही माझ्यासारखाच तोंड लपवून बसला असेल. आणि हे नाव काय कुणी हौसेनं ठेवलं होतं? छे! ते बर्फात सापडलं. ऐका तर.

मी जन्मलो जानेवारीत, नाताळानंतरच्या तीन राजांच्या सणाच्या आदल्या दिवशी. बाहेर असं वादळ की चुलीतला जाळसुद्धा कुडकुडत होता. आमच्याकडे तेव्हा रीत अशी, की मूल जन्मलं की त्याच दिवशी बाप्तिस्म्याला, नाव ठेवायला, चर्चात न्यायचं, आई अंथरुणावर, आणि बाळाला घेऊन जाणार धर्मबाप. धर्मबाप म्हणजे माझा ओव्हिला मामा. आई बिचारी अंथरुणातून सांगते, "ओव्हिला, नाव मार्सेल. मार्सेल! वाटेत सांडू नकोस." मामा म्हणतो, "अगं ताई, एक नाव काय, जड आहे का ते?"

जड नव्हतं, पण वाट लांब होती. आणि आमच्याकडे वाटेवरचं प्रत्येक घर नात्यातलं. बर्फगाडी थांबली की दार उघडणार, "अरे, बाळ! बघू बघू! आणि तू गारठलास की रे, ये, एक घोट घे." मामाचा स्वभाव भिडस्त, कुणाला नाही म्हणवत नसे. चर्चाशी पोचेपर्यंत हातात बाळ आहे एवढं त्याला आठवत होतं, तेच पुष्कळ.

पाद्रीबुवा म्हणाले, "नाव?"

मामा म्हणाला, "जोसेफ!"

"जोसेफ तर सगळ्याच पोरांना असतं रे मेंढरा! पहिलं जोसेफ, मधलं धर्मबापाचं. हाक मारायचं नाव सांग!"

मामानं छताकडे पाहिलं. छतावर देवदूत होते, त्यांनाही माहीत नव्हतं. पाद्रीबुवांचं वाटाण्याचं सूप निवत चाललेलं. त्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे मान वळवली, आज कुठल्या संताचा दिवस? संत टेलेस्फोर, पोप. झालं! पाणी ओतलं माझ्या टाळक्यावर आणि गेले सूप प्यायला!

आईनं ऐकलं तेव्हा म्हणाली, "हे काय? खोकल्याचं औषध आहे का?" मामा म्हणाला, "पोप होता गं." मग आईनं अंथरुणातून जी चप्पल फेकली, तिची खूण मामा म्हातारपणीही कौतुकानं दाखवायचा, कपाळावर, इथं. आणि वाया गेलेलं नाव? ते तिनं जपून ठेवलं आणि पुढच्या वर्षी माझ्या धाकट्या भावाला दिलं. मार्सेल! मोठ्याचा कोट धाकट्याला घालतात ना, तसं. फक्त मी तो कोट कधी घातलाच नव्हता! ठेवणारा ठेवून जातो हो...

मग शाळा. "टेलिफोन, उचल! टेलिफोन, तुझी घंटी वाजतेय!" आणि सगळ्यात मोठ्यानं ओरडणारा कोण? माझाच भाऊ, माझंच नाव घालून! बर्फावरच्या हॉकीत तर विचारूच नका. आमच्या संघात चार मार्सेल. "मार्सेल!" म्हटलं की चार काठ्या वर, चकती मार्सेलकडून मार्सेलकडे, मार्सेलकडून गोलात. माझं नाव पुरं घेईपर्यंत समोरचे गोल करून घरी जेवायला जायचे! पुढे एका शिकलेल्या पाद्रीबुवांनी सांगितलं, ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'काम तडीस नेणारा'. मी? मी शाळा सातवीत सोडली, कुंपण अर्धं सोडलं, दोनदा सिगारेट सोडायचीसुद्धा अर्ध्यात सोडली!

पण माणूस नावात मुरतो हो, लोणच्यासारखा. साठीनंतर मला ते गोड लागायला लागलं. गावात आडनावाची गरज नाही, टेलेस्फोर म्हटलं की मीच. आणि माझी नात, मारी-पिएर, सात वर्षांची असताना मांडीवर बसून म्हणाली, "आजोबा, मला मुलगा झाला ना, तर मी त्याचं नाव टेलेस्फोर ठेवणार." तुम्हाला सांगतो, मी खिडकीकडे तोंड केलं आणि बर्फ किती पडलाय ते बघत बसलो. जुलै महिना होता! त्या एका शब्दावर मी वीस वर्षं काढली. आपल्यामागे एक टेलेस्फोर राहील. एक! मी जास्त मागितले होते का?

आणि मग ती फ्लाव्ही आली.

मॉन्ट्रियलहून आली, बरोबर दाढीवाला नवरा आणि शेळ्या. मार्चमध्ये सगळं गाव मार्सेलच्या गुऱ्हाळावर, मेपलच्या रसाची कढई उकळतेय, पोरं बर्फावर ओतलेला पाक काडीला गुंडाळून चोखताहेत, आणि ही माझ्या शेजारी येऊन बसली, पोटुशी, मोठ्ठे डोळे. "आजोबा, काय सुंदर नाव तुमचं! कुठून आलं हो?"

आता मी काय सांगू? मामा झिंगला होता म्हणून सांगू? माझी जीभ खाजायला लागली. ती खाजली की मला आवरत नाही, गाव साक्ष आहे. मी म्हणालो, "पोरी, हे झोपेचं नाव. टेलेस्फोर नावाचं पोर पहिल्या दिवसापासून रात्रभर झोपतं." ती म्हणाली, "खरंच?" म्हटलं, "माझा पणजा टेलेस्फोर ओंडक्यांच्या तराफ्यावर झोपला, वसंतातला पूर आला, तराफा सुटला, धबधब्यावरून खाली गेला, मोठ्या नदीला लागला, समुद्राला लागला, तेव्हा हा उठला आणि म्हणाला, न्याहारीला काय आहे?" पलीकडे मार्सेल कढई ढवळता ढवळता म्हणतो, "आपल्या पणज्याचं नाव जोसेफ होतं." मी म्हणालो, "तू पाक बघ, करपतोय!" फ्लाव्हीच्या डोळ्यांत पाणी, दाढीवाला फोनमध्ये टिपून घेतोय...

मे महिन्यात पोरगा झाला. नाव ठेवलं टेलेस्फोर. आणि तो लबाड झोपला हो! खरंच झोपला! शेळ्या ओरडताहेत, दाढीवाला व्हायोलिन खरवडतोय, आणि हा सकाळपर्यंत ढाराढूर! आता सांगा, अवघडलेल्या बायकांना ही बातमी कळल्यावर त्या काय करणार? बघता बघता पाळणाघरात चार टेलेस्फोर झाले. फ्लाव्ही पाव भाजते, त्या पावाला टेलेस्फोर. कुत्र्याचं सांगितलंच. मी पावाच्या रांगेत उभा, पुढची बाई म्हणते, "एक टेलेस्फोर द्या, कापून!" काय वाटलं असेल मला?

गेलो शेवटी फ्लाव्हीकडे. म्हटलं, "पोरी, मी थाप मारली होती. मामा दारू प्यायला होता, बास." तर ती माझा हात हातात घेऊन म्हणते, "किती विनम्र आहात हो, आजोबा!" म्हटलं, "ह्या नावाच्या माणसांना टक्कल पडतं!" तिनं दाढीवाल्याकडे बघितलं. त्याला डोक्यावर होतं ते सगळं खाली हनुवटीला उतरलेलं. म्हणाली, "मला टक्कल आवडतं." आयुष्यभर थापा खपवल्या, एकदा खरं बोलायला गेलो तर गिऱ्हाईक नाही!

आणि मग मारी-पिएरला दिवस गेले. आठव्या महिन्यात रविवारी सगळे माझ्याकडे जेवायला, मांसाचं सारण भरलेली जाडजूड भाजलेली रोटी मध्ये, मार्सेल नेहमीप्रमाणे मोठा तुकडा घेऊन बसलेला. मी सहज विचारतोय असं दाखवून म्हणालो, "मग? मुलगा ना? नाव तर ठरलेलंच आहे, नाही?" पोरगी खाली बघायला लागली. म्हणाली, "आजोबा, मी ठेवणारच होते हो. लहानपणापासून. पण पाळणाघरात आधीच चार आहेत. बाई एकाला हाक मारतात, चार वळतात. आम्हाला असं नाव हवंय जे कुणाचंच नाही. जुनं, दुर्मिळ."

"दुर्मिळ म्हणजे?"

"मार्सेल."

मार्सेल! दुर्मिळ! अहो, चकती मार्सेलकडून मार्सेलकडे जायची! पण तिचंही खरं हो, ह्या गावात कुणी पोराला मार्सेल म्हटल्याला चाळीस वर्षं झाली. आणि माझा भाऊ? रडला हो तो! डोळ्यांतलं पाणी त्या तुकड्यावर गळतंय आणि तोंडानं म्हणतोय, "शेवटी चांगल्या नावाला दिवस येतात रे, टेलिफोन." मला ठसका लागला. मारी-पिएर माझ्या पाठीवर थोपटत म्हणते, "आजोबा, तुम्ही धर्मबाप व्हा ना! जुन्या रीतीनं मधलं नाव तुमचं घालू." मधलं नाव! मधल्या नावानं कधी कुणाला जेवायला हाक मारलीय? मधलं नाव एकदा पाणी ओतताना घेतात आणि एकदा माती ओतताना!

पण तुम्हाला सांगतो, तेवढ्यात माझी जीभ परत खाजली. धर्मबाप! मी म्हणालो, "होतो. पण मग सगळंच जुन्या रीतीनं. चर्चात नाव मी सांगणार." पोरगी भोळी, हो म्हणाली. मार्सेल बघत होता माझ्याकडे. तो मला ओळखतो. पण बोलेल काय? धर्मबाप नाव विसरू शकतो, आमच्या घराण्यात तसा दाखला आहे! सरकारदरबारी काय लिहायचं ते लिहा, डोक्यावर पाणी पडताना पाद्री जे म्हणतात तेच नाव गावात चालतं, माझ्याहून जास्त हे कुणाला ठाऊक?

तर तो दिवस. चर्च गच्च. बाबागाड्यांची रांग दारापर्यंत. पाद्रीबुवा आता कॅमेरूनचे आहेत, भला माणूस, थंडीला अजून घाबरतो, झग्याखाली दोन स्वेटर. बाळ माझ्या हातात. माझ्याकडे बघतंय. नाक माझं हो, अगदी माझं! पाद्रीबुवा वाकले, हसले, म्हणाले, "धर्मबापानं सांगावं, बाळाचं नाव काय?"

मार्सेल पहिल्या बाकापाशी उभा, टोपी पिळतोय. मारी-पिएर माझ्याकडे बघतेय, तशीच, सात वर्षांची असल्यासारखी. मी श्वास घेतला. ऐंशी वर्षं ह्या एका शब्दासाठी. तोंड उघडलं, "टे..."

आणि मागच्या बाकावरून एक आई कडाडली, "टेलेस्फोर! आत्ताच्या आत्ता तोंड बंद कर आणि खाली बस!"

आणि मी... ठेवणारा ठेवून जातो हो... मी तोंड बंद केलं आणि बाळासकट खाली बसलो.

नाव मग मार्सेलनंच सांगितलं. तो उभाच होता.